चोर्ला घाटात गाडी खेचत नाही, सिग्नलला बंद पडते. थ्रॉटल बॉडी बदलू का?

हरवळे_धबधबा
नमस्कार मंडळी. साखळीत राहतो, कामाला रोज पणजी. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर. चवथीपासून दोन त्रास सुरू झालेत. पहिला, एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की आरपीएम खाली जातं, कधीकधी इंजिन बंदच पडतं. दुसरा जास्त गंभीर आहे. केरीच्या पुढे चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गाडी खेचत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आवाज वाढतो, वेग वाढत नाही. सपाट रस्त्यावर साठच्या आसपास चालवली तर काही जाणवत नाही.

चेक लाइट सध्या नाही. गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एअर फिल्टरचं झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि सांगितलं, थ्रॉटल बॉडी काळी झालीय, नवीन टाका. पार्ट महाग आहे आणि परत घेत नाहीत. बदलू का?

नट_बोल्ट
अजून पैसे देऊ नका. तुमची दोन्ही लक्षणं एकाच पार्टमुळे असतील असं मला वाटत नाही. थ्रॉटल काळी असेल तर पहिला त्रास, म्हणजे आयडलिंगचा, त्यातून येऊ शकतो. पण घाटात पेडल पूर्ण दाबल्यावर बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधली हवा सोडणारी गोल झडप, सगळी उघडी असते. तेव्हा कडेला बसलेल्या काजळीने काही अडत नाही. ती काजळी त्रास देते बटरफ्लाय जवळजवळ बंद असताना, कारण आयडलिंगची सगळी हवा त्याच केसाएवढ्या फटीतून जाते.

मी फोंड्याच्या बाजूला गॅरेजमध्ये हेच काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत बरेचदा आधीच दोन-तीन पार्ट बदललेले असतात आणि दोष होता तिथेच असतो. हे बघून वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं घरच्या घरी मोजता येतं. म्हणून सविस्तर लिहितो.

हवेचा रस्ता डोळ्यासमोर आणा. बंपर किंवा ग्रिलच्या मागचं तोंड, तिथून नळी, फिल्टरचा डबा, पुन्हा रबरी नळी, थ्रॉटल, इनटेक मॅनिफोल्ड, इंजिन. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पहिला ऑक्सिजन सेन्सर, कॅटालिटिक कन्व्हर्टर, दुसरा ऑक्सिजन सेन्सर, सायलेन्सर, शेपटीचा पाइप. दोष तीनच प्रकारचे असतात: हवा कुठेतरी अडते, कुठेतरी चोरून आत शिरते, किंवा सेन्सर चुकीचं सांगतो. कुठला प्रकार आहे हे ठरेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

आधी डोळ्यांनी बघायच्या गोष्टी. इंजिन थंड असताना करा.

फिल्टर काढा. पावसात पाण्यातून गाडी गेली असेल तर कागद ओला होऊन फुगतो, आणि मग इंजिन ओल्या फडक्यातून श्वास घेतल्यासारखं घुसमटतं. वाळल्यावर कागद पन्हाळ्यासारखा वाकडा राहिला असेल तर बदला, तो स्वस्त पार्ट आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फिल्टरच्या पुढची, थ्रॉटलकडे जाणारी नळी आतून बोटाने पुसून बघा. बोटाला आपली तांबडी माती लागली, तर डब्याची क्लिप नीट बसत नाही किंवा फिल्टर डुप्लिकेट आहे. ही धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंग झिजवते. डिचोली, साखळी, सावर्डे या पट्ट्यातल्या गाड्यांत हे मी नेहमी बघतो.

रबरी नळीच्या घड्या ताणून बघा. चीर घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या बारीक नळ्या बघा: ब्रेक बूस्टरची जाड नळी, पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी), पेट्रोल टाकीची वाफ आणणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि याच नळ्या कुरतडतात.

आणखी एक गोष्ट, जी कोणी बघत नाही: पायाखालचं मॅट. पावसात जाड रबरी मॅटवर आणखी एक मॅट टाकलेलं असतं आणि पेडल तळापर्यंत जातच नाही. मॅट काढून एकदा घाट चढा.

एवढं झालं की आकडे हवेत. तुमची गाडी २०१६ ची, म्हणजे ओबीडी दोन, इंजिनचे दोष नोंदवणारी यंत्रणा, तिच्यात आहे. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ते सक्तीचं आहे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असेल. ब्लूटूथ स्कॅनर लावून मला हे सांगा:

चावी ऑन, इंजिन बंद, मॅपचा आकडा किती. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, आयडलिंगला मॅप, आरपीएम, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम किती (ट्रिम म्हणजे ईसीयू, इंजिनचा संगणक, ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय). शेवटी घाटात, शेजारी कोणीतरी मोबाइल धरून बसलेलं असताना, पेडल पूर्ण दाबल्यावर मॅप किती. तुम्ही स्वतः मोबाइलकडे बघायचं नाही.

मांडवी_तीर
नट_बोल्ट, मॅप म्हणजे नक्की काय ते आमच्यासारख्यांसाठी सांगाल का? आणि स्कॅनर कुठला घ्यायचा? बाजारात शंभर प्रकार आहेत.

नट_बोल्ट
मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, किलोपास्कलमध्ये. इंजिन बंद असताना आत-बाहेर सारखाच दाब, म्हणजे समुद्रसपाटीला १०० ते १०१. पणजीत, म्हापशात, मडगावात एवढाच दिसला पाहिजे. चोर्ल्याच्या माथ्यावर साधारण ८०० मीटर उंची आहे, तिथे ९२ च्या आसपास येईल. पणजीत उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना मॅप ९० दाखवत असेल, तर सेन्सरच खोटं बोलतोय. विनाखर्चाची चाचणी आहे ही.

इंजिन सुरू झालं की पिस्टन हवा ओढतात, थ्रॉटल अडवते, आत निर्वात तयार होतो आणि आकडा ३० ते ४० च्या मध्ये येतो. पेडल पूर्ण दाबलं की अडथळा संपतो आणि तो पुन्हा बाहेरच्या दाबाजवळ जातो.

स्कॅनर: ईएलएम ३२७ जातीचा कुठलाही साधा चालेल, फक्त फार स्वस्तातले काही नीट जोडले जात नाहीत. ॲप असं घ्या ज्यात आकडे जिवंत दिसतात, आलेख निघतो. नुसता कोड वाचून पुसणारं ॲप उपयोगाचं नाही.

हरवळे_धबधबा
सगळं केलं. फिल्टर कोरडा, ठीक आहे. नळी आतून स्वच्छ. उंदरांच्या लेंड्या सापडल्या, पण नळ्या शाबूत आहेत. मॅट एकच आहे, पेडल तळाला टेकतं.

आकडे: चावी ऑन, इंजिन बंद, मॅप १००. गरम आयडलिंगला मॅप ३७, आरपीएम ६५० ते ७५० मध्ये हलतं. शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास, लाँग टर्म उणे ७. घाटात अर्ध्यावर थांबून चावी ऑनचा आकडा घेतला, ९६ आला. तिथूनच दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल, मॅप ९४. बहीण शेजारी बसली होती, तिने व्हिडिओही काढलाय.

पेडण्याचा_पाऊस
माझ्या गाडीला अगदी असंच होत होतं. इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा लीक होत होती. ते बदललं आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. तुम्हीही आधी तेच बघा, आयडलिंग हलतंय म्हणजे व्हॅक्युम लीकच.

नट_बोल्ट
पेडणेबाब, तुमच्या गाडीत तसं असेलच, पण या गाडीचे आकडे वेगळं सांगतात. का ते लिहितो, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते.

गाड्यांत हवा मोजायच्या दोन पद्धती असतात. काहींत फिल्टरच्या पुढे मास एअरफ्लो सेन्सर असतो, तो जाणारी हवा प्रत्यक्ष मोजतो. त्याच्या पुढे चीर पडली तर आत शिरणारी हवा त्याला कळतच नाही. पेट्रोल कमी पडतं, ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. आयडलिंगला ट्रिम अधिक १५, अधिक २० दिसतं आणि २५०० आरपीएमला नेलं की कमी होतं, कारण तेव्हा एकूण हवेच्या मानाने चोरटी हवा थोडीच राहते. पी ०१७१ कोड येतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ही व्हॅक्युम लीकची खरी सही.

छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र बहुतेक वेळा मॅप सेन्सर असतो. त्यात चोरटी हवा आत आली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि तो त्या प्रमाणात पेट्रोलही देतो. म्हणून ट्रिम फारसं हलत नाही, उलट आयडलिंग वाढतं. हजार, बाराशे, पंधराशे. पी ०५०७ येतो, म्हणजे आयडलिंग जास्त. इथे आयडलिंग खाली जातंय आणि ट्रिम उणे आहे. लीकची दोन्ही चिन्हं उलटी.

आता हरवळे, तुमच्या घाटातल्या आकड्याबद्दल. मला सगळ्यात मोलाचा तोच वाटला. बाहेर ९६, पूर्ण पेडलला आत ९४. म्हणजे फिल्टर, नळी, थ्रॉटल या सगळ्यांतून हवा मॅनिफोल्डपर्यंत बिनधास्त पोचतेय. इनटेक तुंबला असता किंवा बटरफ्लाय अर्धीच उघडत असती, तर ८५, ८० असा आकडा आला असता. घाटातल्या त्रासासाठी थ्रॉटल बॉडी निर्दोष आहे. हवा दारापर्यंत येतेय आणि इंजिन ती घेत नाहीये. मग उरतं काय? टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), पेट्रोलचा दाब, किंवा मागून एक्झॉस्ट तुंबलेला.

पेट्रोल कमी पडत असतं तर ट्रिम अधिककडे गेलं असतं. तुमचं उणे ७ आहे. त्यात आता पंपावर इथेनॉल २० टक्के असतं. जुन्या १० टक्क्यांच्या मानाने या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते, त्यामुळे ट्रिम तीन-चार टक्के वर सरकायला हवं होतं. म्हणजे खरी उतरण सातपेक्षाही जास्त आहे. मॅपच्या गाडीत एक्झॉस्ट तुंबला की जळलेला वायू पूर्ण बाहेर जात नाही, सिलिंडरमध्ये जागा अडवून बसतो. ईसीयू मॅप बघून समजतो की हवा भरपूर आलीय, पेट्रोल देतो, आणि ते जास्त होतं. म्हणून ट्रिम उणे.

एक चाचणी अजून. उभ्या गाडीत, मोकळ्या जागेत, गरम इंजिन २५०० आरपीएमला दोन मिनिटं स्थिर धरा आणि मॅप बघत राहा. निरोगी गाडीत तो खाली येऊन तिथेच थांबतो. हळूहळू चढत गेला तर मागे दाब साठतोय.

आणि एक प्रश्न. चवथीच्या आधी कधी चेक लाइट लुकलुकत होता का? नुसता पेटलेला नव्हे, लुकलुकणारा.

हरवळे_धबधबा
२५०० ला सुरुवातीला मॅप २९. मग ३२, ३५, शेवटी ४१ पर्यंत गेला, आणि आरपीएम टिकवायला पेडल आणखी दाबावं लागलं. लाँग टर्म उणे ११.

हो, लाइट लुकलुकत होता. पावसाच्या सुरुवातीला इंजिन थरथरत होतं. तीन नंबरच्या सिलिंडरची इग्निशन कॉइल गेली होती. ती मिळायला वेळ लागला, तोवर कामाला गाडी तशीच जात होती. कॉइल बदलल्यावर थरथर थांबली. त्याचा याच्याशी संबंध आहे?

नट_बोल्ट
थेट संबंध आहे. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि ऑक्सिजन तसेच्या तसे कॅटमध्ये, म्हणजे कॅटालिटिक कन्व्हर्टरमध्ये, जातात आणि तिथे जळतात. कॅटच्या आत सिरॅमिकची जाळी असते, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक घरांची. १४०० अंशांच्या वर ती वितळायला लागते, घरं बुजतात, तुकडे सुटतात आणि आडवे होऊन अडकतात. लुकलुकणारा लाइट नेमकं हेच सांगायला असतो की कॅट आत्ता जळतोय, गाडी बाजूला घ्या. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा: स्थिर पिवळा लाइट असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं, लुकलुकत असेल तर टोइंग करा.

तरी अजून कॅट मागवू नका. टायमिंग चेन एक दात सरकली असेल तरी काही आकडे असेच येऊ शकतात. खात्री दाबाच्या गेजने होते. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच भोकात अडॅप्टरने गेज बसवतात. आयडलिंगला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० ला तीनच्या आत असेल तर एक्झॉस्ट मोकळा. गाडी थंड असताना कॅटच्या डब्यावर रबरी हातोडीने ठोकून बघायलाही सांगा. आत खडखडलं तर जाळी फुटलेली आहे. पण खडखडलं नाही म्हणून कॅट चांगला, असं म्हणता येत नाही, कारण वितळून चिकटलेली जाळी आवाज करत नाही.

सत्तरी_रानवाटा
दादा, डिझेलवाल्यांसाठीपण काहीतरी लिहा ना. वाळपईत शेतीच्या कामाला डिझेल एसयूव्ही आहे, बीएस फोर. चढावर काळा धूर सोडते, टर्बो लागल्यासारखा वाटत नाही, आणि मधेच सूंऽऽ असा आवाज येतो. टर्बो गेला म्हणतायत.

नट_बोल्ट
डिझेलचा हिशोब वेगळा. त्यात वेग थ्रॉटलने नव्हे, डिझेलच्या मात्रेने ठरतो. काही गाड्यांत थ्रॉटलसारखी झडप असते, पण ती इंजिन न हिसकता बंद व्हावं आणि ईजीआरला, म्हणजे जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेला, मदत व्हावी म्हणून. तेव्हा डिझेलमध्ये थ्रॉटल साफ करून पिकअप वाढेल ही आशा ठेवू नका.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा नाही. त्याच्या जोडीला सूं आवाज असेल तर टर्बोकडून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनकडे जाणाऱ्या नळ्या आधी बघा. टर्बोच्या हवेबरोबर थोडी ऑइलची वाफ जातच असते. नळी जिथे फुटलीय किंवा क्लॅम्प सैल आहे तिथे बाहेरून तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. तो डाग हाच पत्ता. इंजिन बंद असताना चीर दाबली गेल्याने दिसत नाही, दाब आला की उघडते. त्यामुळे हाताने पिळून बघा.

स्कॅनरवर मॅप बघा: इंजिन बंद १००, पूर्ण पेडलला चढावर २०० किंवा जास्त व्हायला हवा. १३०-१४० वरच अडकला तर पी ०२९९ कोडही असेल. कोडचा अर्थ एवढाच की बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, कमी पडतोय. टर्बो खराब आहे असं तो सांगत नाही, पण लोक तसाच वाचतात. नळ्या ठीक असतील तर टर्बोच्या ॲक्च्युएटरची व्हॅक्युमची बारीक नळी बघा. मग ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का ते. उघडा अडकला तर जळलेला वायू सतत आत येतो, तोही काळा धूर देतो. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो, कधी अर्धा रस्ता बुजतो. हे सगळं झाल्यावर टर्बोचा नंबर. शाफ्ट बोटाने हलवून बघतात, थोडी आडवी हालचाल चालते, पुढे-मागे अजिबात नको.

बीएस सिक्स डिझेलवाल्यांना एक सूचना. एप्रिल २०२० नंतरच्या तुमच्या गाडीत डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, आहे. तो काजळी साठवतो आणि ५५०-६०० अंशांना जाळून मोकळा होतो. त्यासाठी काही वेळ सलग, एका वेगात गाडी चालायला हवी. घर ते बाजार, बाजार ते घर एवढंच चाललं तर जळणं दरवेळी अर्ध्यावर तुटतं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर सावध व्हा, ते डिझेल ऑइलमध्ये मिसळतंय.

काणकोण_किनारा
आमच्याकडे समुद्राच्या खारट हवेत वेगळाच त्रास. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाइपाच्या जोडाचे बोल्ट गंजून पातळ झाले होते. पी ०१७१ यायचा, लाँग टर्म अधिक १८, प्लग मात्र काळेकुट्ट! कोड म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त. गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ केले, काही फरक नाही. शेवटी सकाळी थंड इंजिन चालू करताना टक् टक् आवाज ऐकला, गरम झाल्यावर जायचा.

नट_बोल्ट
काणकोण, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असली की वायू धक्क्याधक्क्याने जाताना मध्येच बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो पेट्रोल कमी आहे असं सांगतो आणि ईसीयू विनाकारण वाढवतो. प्लग काळे, ॲव्हरेज खाली. कोडवर विश्वास ठेवून इंजेक्टर बदलले जातात. धातू गरम होऊन फुगला की फट मिटते, म्हणून आवाज फक्त इंजिन थंड असताना.

सायलेन्सरबद्दल किनाऱ्यावरच्या सगळ्यांसाठी: तो बाहेरून मिठाने गंजतो हे खरं, पण आतूनही गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात निघतं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली तर सायलेन्सर तापत नाही, पाणी आतच साचतं. बऱ्याच सायलेन्सरांना खाली ते गळायला बारीक भोक असतं. वेल्डिंगवाला ते गंजाचं भोक समजून बुजवतो. त्याला अडवा.

आणि गंभीर गोष्ट. पावसात काचा बंद, एसी आतल्या हवेवर, आणि सायलेन्सर किंवा पाइपाला भोक असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येऊ शकतो. त्याला वास नसतो. डोकं दुखतंय, झोप येतेय असं गाडीतच होत असेल तर काचा उघडा आणि त्याच दिवशी खालून तपासून घ्या. एक्झॉस्टची कुठलीही चाचणी बंद गॅरेजमध्ये करू नका.

वास्को_बंदर
माझं उलटं झालंय. सर्व्हिसिंगमध्ये थ्रॉटल साफ केली. आधी आयडलिंग ८०० होतं, आता १४०० वर अडकलंय. साफ करून बिघडवली?

नट_बोल्ट
बहुधा बिघडलेली नाही. काजळी साचत गेली तसा ईसीयूने बटरफ्लाय थोडी थोडी जास्त उघडी ठेवायला शिकून घेतलं. आता फट स्वच्छ झाली, पण त्याच्या आठवणीत जुनं माप आहे, म्हणून हवा जास्त जाते. मोठ्या स्कॅनरने थ्रॉटल रीलर्निंग करून घ्या. काही कंपन्यांत चावी ऑन-ऑफच्या ठरावीक क्रमानेही होतं, पण तो क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा. दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ बघून करू नका.

रीलर्निंगनंतरही १४०० च राहिलं तर साफ करताना एखादी नळी लावायची राहिलीय किंवा थ्रॉटलखालची रबरी रिंग सरकलीय. कानाला बारीक फुस् ऐकू येईल. ऐकू येत नसेल तर स्मोक टेस्ट करा. मॅनिफोल्डमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात, जिथून निघेल तिथे लीक. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून लीक शोधणारे आहेत. आग लागते, करू देऊ नका.

साफ करतानाही जपायचं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची बटरफ्लाय कनेक्टर लावलेला असताना बोटाने ढकलायची नाही. आतले गिअर प्लास्टिकचे असतात. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसायचं, थेट मोटरच्या बाजूला फवारायचं नाही. काही थ्रॉटलच्या आतल्या कडेला कारखान्यातूनच काळसर थर दिलेला असतो. तो काजळी समजून घासला की फट कायमची वाढते.

पी २१३५ घेऊन येणाऱ्यांनाही इथेच सांगतो. थ्रॉटलमध्ये उघडण्याचं माप सांगणारे दोन सेन्सर असतात. दोघांचं जुळलं नाही की गाडी लिंप मोडमध्ये जाते, पेडल दाबून काही होत नाही. आपल्या दमट हवेत आधी कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का बघा. साफ करून, पिना घट्ट करून कोड गेला तर नवीन थ्रॉटलचे पैसे वाचले.

हरवळे_धबधबा
काल म्हापशात एका गॅरेजमध्ये गेज मिळाला. आयडलिंगला अडीच पीएसआय, २५०० ला साडेसहा. सेन्सरच्या भोकातून छोटा कॅमेराही घातला, जाळीचा पुढचा भाग वितळून एका बाजूला बसलाय. मेकॅनिक म्हणतो जाळी फोडून काढतो, डबा रिकामा ठेवू, स्वस्तात होईल. एका मित्रानेही तसंच केलंय. काय करू?

नट_बोल्ट
रिकामा करू नका. दुसरा ऑक्सिजन सेन्सर लगेच पी ०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही असा कोड, देईल, पीयूसीत गाडी अडकू शकते, कायद्याला ते मान्य नाही. आणि खरं सांगू, साखळीच्या बाजारात त्या धुरात आपलीच माणसं उभी असतात. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, न जळलेलं पेट्रोल, या तिन्हींना अडवणारी गाडीतली ती एकच वस्तू आहे. आपल्या मॉडेलचा, बीएस फोरचा कॅट घ्या. स्वस्त डुप्लिकेटमध्ये मौल्यवान धातूचा लेप नावापुरता असतो आणि काही महिन्यांत लाइट परत येतो.

पण कॅट बसवण्याआधी बाकीच्या तीन कॉइल आणि सगळे प्लग तपासा. प्लगच्या विहिरीत पाणी किंवा ऑइल उतरलंय का ते बघा. तीन नंबरची कॉइल पावसातच का गेली याचं उत्तर तिथे असेल. ते न बघता नवीन कॅट लावला तर पुढच्या आषाढात तोही जळेल. स्कॅनरवर मिसफायरची (ठिणगी चुकण्याची) मोजणी मिळत असेल तर चारही सिलिंडर शून्य दिसेपर्यंत जुनाच कॅट राहू द्या. ऑइल कमी होतंय का तेही विचारून ठेवतो, ऑइल जळत असेल तर त्याची राख कॅटला निकामी करते.

थ्रॉटल मात्र साफ करून घ्या, बदलायची नाही. एसी लागल्यावरचा तुमचा पहिला त्रास त्यातून जाईल.

हरवळे_धबधबा
झालं सगळं. प्लगच्या विहिरीत पाणी होतं. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर फाटलेलं, तिथून पावसाचं पाणी थेट इंजिनच्या डोक्यावर पडायचं. ते रबर, चारही प्लग, दोन नंबरच्या कॉइलचं तडकलेलं बूट बदललं. मिसफायर शून्य झाल्यावर कॅट. थ्रॉटल साफ करून रीलर्निंग केलं.

आता २५०० ला मॅप २८, दोन मिनिटं धरलं तरी २८. लाँग टर्म अधिक २. आयडलिंग ७५०, एसी लावल्यावर क्षणभर खाली जाऊन सावरतं. काल बहिणीला आणि आईला घेऊन चोर्ल्याने बेळगावला गेलो, घाट दुसऱ्या-तिसऱ्यात आरामात चढली. नट_बोल्ट, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. फोंड्याला आलो की भेटतोच.

एकच शंका: पहिला ऑक्सिजन सेन्सर जुनाच ठेवलाय. बदलायला हवा का?

नट_बोल्ट
आकडे छान आहेत, मनापासून आनंद झाला. सेन्सर लगेच बदलायची गरज नाही. गरम इंजिन २५०० ला धरून त्याचा आलेख बघा. ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वर-खाली होत असेल तर तो जिवंत आहे. रेंगाळत असेल, मधल्याच आकड्यांवर अडकत असेल, तर बदला. दुसऱ्या सेन्सरचा आलेख मात्र ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ हवा, तो नवीन कॅट काम करत असल्याची खूण. दोन्ही आलेखांचे फोटो इथेच टाका, बघून सांगतो.